शुद्ध शाकाहारी प…

पाटी अर्धीच दिसत असेल तर माणसानं उरलेली मनानं वाचू नये. हा धडा मी अख्ख्या थेरगावाला फुकट द्यायला तयार आहे, पण कुणी मागत नाही. उलट सोसायटीच्या गेटवर मलाच विचारतात, "काय मालोजीराव, 'प' म्हणजे काय हो?" आणि फिदीफिदी हसतात. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकतो. मग ज्याला हसायचं त्यानं हसावं.

त्याचं असं झालं, आमच्या दिव्याचं लग्न जमायला आलं. जमवलं तिचं तिनंच. मुलगा रविराज, हिंजवडीत तिच्याच कंपनीत, तिच्याच मजल्यावर. मुलगा गुणी, निर्व्यसनी, दिसायला माझ्यापेक्षा बरा. अडचण एवढीच की घराणं ताथवड्याचं, जुनं, गाववालं. पूर्वी त्यांच्या रानात ऊस उभा असायचा, आता इमारती उभ्या आहेत. आणि आम्ही लातूरकडचे. चाकणला कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागलो, थेरगावात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि हप्ते फेडता फेडता पिंपरी-चिंचवडकर झालो. मुलाचे वडील नानासाहेब यांच्या दारात दोन मोठ्या गाड्या. आमच्या दारात लिफ्ट, तीही बंद.

दिव्यानं मला आणि तिच्या आईला समोर बसवून सांगितलं, "बाबा, नीट ऐका. रविराजची आई तो लहान असतानाच गेली. त्याला आजीनं वाढवलंय. त्या घरात आजीचा शब्द चालतो. आजी नाही म्हणाल्या की विषय संपला, नानासाहेबांची पण छाती नाही पुढं बोलायची. त्यांना एकदा आपल्याला बघायचंय. एकच भेट. तेव्हा प्लीज, काही करू नका."

"काही करू नका म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जे करता ना, ते."

पोटच्या पोरीनं असं बोलावं? पण मी वाद घातला नाही. पोरगी त्या पोरात गुंतली होती, आणि तिचं सगळं एका म्हाताऱ्या बाईच्या हो किंवा नाहीवर टांगलेलं होतं, हे मलाही दिसत होतं. मी काय दगड आहे का?

विजयश्री, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "घरीच बोलवू की. मी पुरणपोळ्या करते." पण घरी बोलवायचं तर म्हातारीला चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढवायचा. त्यातून आमच्या सोफ्यावर एका ठरावीक जागी बसलं की माणूस आत जातो, ती जागा पाहुण्यांना नेमकी सापडते. शिवाय मला नानासाहेबांना दाखवून द्यायचं होतं की नोकरदार माणूसही काही कमी नसतो. मी जाहीर केलं, "जेवण आपल्याकडून. बाहेर. चांगल्या ठिकाणी."

आधी सोसायटीचा हॉल बघितला. तिथं आमचे सेक्रेटरी आबाजी. बाकी माणूस चांगला, पण नियमाचा किडा. म्हणाले, "अर्ज द्या. कार्यक्रमाचं स्वरूप लिहा."

"मुलगी दाखवायची आहे."

"मग ते घरगुतीत बसत नाही आणि लग्नातही बसत नाही. दोन्हीचे नियम वेगळे आहेत. कमिटीपुढं ठेवावं लागेल."

"कमिटी कधी बसते?"

"कोरम झाला की."

आमच्या सोसायटीत कोरम झाल्याचं गेल्या कित्येक वर्षांत कुणाला आठवत नाही. हॉलचा नाद सोडला.

मग हॉटेल शोधायला लागलो, आणि खरी कसरत तिथं सुरू झाली. कारण आजी, म्हणजे कौशल्याबाई, माळकरी. ज्या चुलीवर मटण शिजलं त्या चुलीवरचा चहासुद्धा त्यांना चालत नाही. आता आपल्या भागात शुद्ध शाकाहारी हॉटेलांना तोटा नाही, पण एकाच्या भिंतीला बिर्याणीवाला चिकटलेला, दुसऱ्याकडे जेवणाऱ्याच्या डोक्यावर पुढचं गिऱ्हाईक उभं, आणि तिसरीकडे थाळी अमर्याद असली तरी वाढप्याचा चेहरा असा की दुसरी पोळी मागायची हिंमत होत नाही.

अशात मला 'हिरवा कंदील' दिसला. आमची कंपनीची बस सकाळी ताथवडे रस्त्यानं जाते, तिथं हे नवं हॉटेल उघडलं होतं. बांबूचं कुंपण, कुंड्या, दारात पितळी समई. आणि हल्लीच्या नियमाप्रमाणे ठसठशीत मराठी पाटी: 'हिरवा कंदील. शुद्ध शाकाहारी मल्टिक्युझिन प'. 'प'च्या पुढं काय होतं ते दिसत नव्हतं, कारण तिथं कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला. गॉगल घातलेल्या त्या गृहस्थाचा डावा कान बरोबर त्या अक्षरावर आला होता.

बसमध्ये माझ्या शेजारी आमचे स्टोअरचे बुद्धरत्न बसतात. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पार्सल असेल राव. पार्सल मिळेल." विजयश्रीला विचारलं तर ती म्हणाली, "पंगत असंल, काय की." खालच्या मजल्यावरच्या विमलबाई सगळ्यात अनुभवी, त्यांनी पापड भाजता भाजता निकाल दिला, "परिवार. परिवार हॉटेल. म्हणजे फॅमिलीवाल्यांसाठी." मी स्वतः 'पॅलेस'वर ठाम होतो. एवढी मोठी समई उगाच कोण ठेवतं?

"गुगलवर बघा ना," बुद्धरत्न म्हणाले. "नाहीतर एकदा आत जाऊन या."

मी हसलो. "बुद्धरत्न, मी क्वालिटीत आहे. वरचं खोकं बघून मला आतला लॉट कळतो."

आता इथं जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला बावळट समजाल. आपल्याकडं 'शुद्ध शाकाहारी' या शब्दाचा अर्थ मांस नाही एवढाच होत नाही. शुद्ध शाकाहारी म्हटलं की सिगारेट नाही, शिवी नाही, मालक कपाळाला गंध लावणारा आणि उदबत्ती सकाळ-संध्याकाळ, असं आपण गृहीतच धरतो. हा चारित्र्याचा दाखला आहे. तो पाटीवर बघितल्यावर आणखी चौकशी करणं मला असभ्यपणाचं वाटलं.

फोन केला. पलीकडे मॅनेजर, नाव सनी. "सर, किती जण?"

"सहा. फॅमिली."

"फॅमिली?" त्यानं पुन्हा विचारलं. "वाव सर. नक्की या. साडेसातच्या आत आलात तर हॅपी अवर्स आहेत. एकावर एक फ्री."

मुहूर्तालाही आता इंग्रजी नाव आलंय, एवढंच माझ्या मनात आलं. आणि एका थाळीवर एक थाळी म्हणजे सहाजणांत तीन थाळ्यांचेच पैसे. मी खूश.

"आणि सर, सगळ्यांचं आधार कार्ड मस्ट."

हे ऐकून तर मला त्या हॉटेलाबद्दल आदरच वाटायला लागला. एवढी चौकशी करून आत घेतात म्हणजे चांगल्या घरातलीच माणसं येत असणार. मी लगेच नानासाहेबांना फोन लावला. म्हटलं, रविवारी सहा वाजता डांगे चौकात भेटू, तिथून मी घेऊन जातो, ठिकाण मात्र सरप्राइज आहे. आणि येताना सगळ्यांची आधार कार्डं आणा.



"आधार कार्ड?" नानासाहेब म्हणाले. "पाव्हणं, सातबारा बी आणू का?"

"नको नको," मी म्हणालो, "आधारवर भागेल."

हा टोमणा होता, हे मला विजयश्रीनं सांगितलं. दिव्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

रविवारी रविराज हिंजवडीहून परस्पर येणार होता, कारण रविवार असला तरी त्याच्या कंपनीला ते माहीत नव्हतं. आम्ही तिघं रिक्षानं डांगे चौकात. मागून नानासाहेबांची पांढरी गाडी आली. पुढच्या सीटवर नऊवारीतल्या कौशल्याबाई, हातात काठी, गळ्यात माळ, नजर अशी की मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. पुढं आमची रिक्षा, मागं त्यांची गाडी, अशी वरात 'हिरव्या कंदिला'शी थांबली. फ्लेक्स जागेवर, कान जागेवर. आतून धप् धप् आवाज येत होता.

"बाबा," दिव्या म्हणाली, "हे काय आहे? दारात बाउन्सर आहे."

"बंदोबस्त," मी म्हणालो. "बघ, आहे की नाही व्यवस्था?"

गाडीतून मात्र कुणी उतरेना. काचेतून दिसत होतं, नानासाहेब स्टिअरिंगला धरून पाटीकडं बघत बसलेले. मी जवळ गेलो तशी काच खाली आली. चेहऱ्यावर घाम.

"पाव्हणं, हितं?" ते हळूच म्हणाले. "दुसरीकडं जाऊ या का? उगं कशाला एवढं... साधं कुठंतरी. हितं म्हाग आसंल."

झालं! महाग असेल! म्हणजे या माणसाला परवडणार नाही, असंच ना? माझ्या कानशिलाला आग लागली. मी गाडीचं दार स्वतः उघडलं. "नानासाहेब, आम्ही नोकरदार असलो तरी एक जेवण घालण्याइतकी देवानं ऐपत दिलीय. उतरा."

"तसं न्हाई वो, मला जरा पित्ताचा तरास..."

"आत लिंबू-सोडा मिळेल. उतरा म्हणतो ना."

मी त्यांना दंडाला धरून उतरवलं. आयुष्यात इतका आग्रह मी कुणाला केला नसेल. विजयश्री मागून माझा शर्ट ओढत होती, पण माणूस एकदा स्वाभिमानावर आला की त्याला शर्ट जाणवत नाही.

दारात त्या बंदोबस्तानं आधार कार्डं तपासली. "सगळे पंचवीसच्या वर ना?" असं तो कौशल्याबाईंकडं बघून म्हणाला.

"माझा नातू हाय पंचवीसच्या वरचा," त्या म्हणाल्या. मग त्यानं प्रत्येकाच्या हातावर जांभळा शिक्का मारायला घेतला, तशी त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढं केलं. "ह्या बोटाला लाव. आन् येकदाच लाव. मागल्या मतदानाला दोनदा लावलं व्हतं."

आत शिरलो आणि काही दिसेना. "लाईट गेली जणू," कौशल्याबाई म्हणाल्या. लाईट गेली नव्हती, ती तशीच होती. चाचपडत एका गुबगुबीत कोचावर बसलो. आजूबाजूला हिंजवडीची पोरं-पोरी, गाणं एवढ्या आवाजात की छातीतलं हृदय आपलं वाजतंय की त्यांचं, कळेना. मेनूकार्ड आलं. पहिलं पान इटली, दुसरं मेक्सिको, तिसरं लेबनान. चौथ्या पानावर हिंदुस्थान सुरू होत होता, तोही पनीरनं. थाळी कुठंच नव्हती. मी वेटरला विचारलं, "एकावर एक थाळी?" त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं.

पण नशीब असं की लेबनानचं ते हमस आलं आणि कौशल्याबाईंना आवडलं. "हरबऱ्याचं हाय," त्या बोटानं चाखून म्हणाल्या. "तीळ हाय. जरा मिरची पायजे व्हती." मेक्सिकोचे त्रिकोणी पापडही त्यांनी तोंडात टाकून बघितले. मग दिव्याला जवळ बसवून घेतलं आणि तिला विचारपूस करायला लागल्या. काय शिकलीस, काय काम करतीस, सैपाक येतो का. "थोडा येतो," दिव्या म्हणाली. "वरण-भात, पोळी. पुरणपोळी येत नाही." कौशल्याबाईंनी मान हलवली. मला बरं वाटायला लागलं. म्हटलं, जमतंय.

आणि तेवढ्यात माझे डोळे अंधाराला सरावले.

समोर भिंतभर फळ्या होत्या, फळ्यांवर बाटल्या, बाटल्यांच्या मागे दिवे. क्षणभर मी म्हटलं सरबतं असतील. पण मी क्वालिटीत आहे. बाटलीचा आकार मला कळतो. शेजारच्या टेबलावर एक मुलगी फेसाळलेला ग्लास तोंडाला लावत होती आणि तिच्या ग्लासावर, मेनूकार्डाच्या पाठीवर, वेटरच्या टोपीवर, सगळीकडं तो अर्धा शब्द आता मला पूर्ण दिसायला लागला. 'प'च्या पुढं 'ब' होता.

मी एका माळकरी बाईला, माझ्या मुलीचं नशीब जिच्या हातात आहे त्या बाईला, दारूच्या गुत्त्यात आणून कोचावर बसवलं होतं. आणि तिच्या हातावर शिक्काही मारून घेतला होता. मी दिव्याकडं पाहिलं. तिला केव्हाच कळलं होतं. ती माझ्याकडं अशी बघत होती की मला तिथंच कोचात आत जावंसं वाटलं.

मी उठून कौशल्याबाईंच्या आणि बाटल्यांच्या मधे उभा राहिलो. तर काय, नानासाहेब आधीच तिथं उभे! दोघंही हात पसरून, जणू गाणं ऐकून अंगात आलंय. मला वाटलं, केवढा समजूतदार माणूस, माझी लाज राखतोय. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

तेवढ्यात तो सनी धावत आला आणि वाकून नानासाहेबांच्या पाया पडला. "नाना! तुम्ही स्वतः! अहो, कळवायचं तरी. जागामालक आलेत आणि मला पत्ता नाही!"

गाणं तेव्हाच संपावं हे माझं नशीब की नानासाहेबांचं, देव जाणे. ते वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

"जागामालक?" कौशल्याबाई म्हणाल्या. "नान्या, ही कुनाची जागा?"

साठीच्या माणसाला, दोन गाड्यांच्या मालकाला, हिंजवडीच्या पोरांदेखत 'नान्या' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. नानासाहेब पुटपुटले, "आपलीच, आये. चिंचंखालचं रान. ते हाटेलाला दिलं न्हाई का आपण? तू म्हनली व्हतीस..."

"मी म्हनलं व्हतं, माझ्या रानात कोंबडं-बकरं कापायचं न्हाई."

"मग! येक बी कापलं न्हाई. पार शुद्ध शाकाहारी हाय सगळं."

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. हा पब शाकाहारी का, तर म्हातारीची अट म्हणून. अट फक्त कोंबड्या-बकऱ्याची होती, बाटलीचं कुणी बोललंच नव्हतं. आणि तो माणूस बाहेर घामाघूम का झाला होता, तेही कळलं. मी ज्याला माझा अपमान समजलो, ती त्याची वळलेली बोबडी होती.

कौशल्याबाई मात्र खुलल्या. "म्हंजी ह्ये माझं हाटेल म्हना की!" काठी टेकत उठल्या. "दाखीव रं पोरा, काय काय केलंय माझ्या रानात." सनी बिचारा पुढं, त्या मागं, आणि त्यांच्या दोन बाजूंना आम्ही दोन बाप, एकमेकांकडं न बघता. त्या थेट त्या उजळलेल्या फळ्यांसमोर जाऊन थांबल्या.

"ह्या कशाच्या बाटल्या?"

नानासाहेब म्हणाले, "सरबत, आये."

आता मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण दिव्याचं लग्न माझ्या डोळ्यांपुढं मोडत होतं, आणि समोरचा माणूस होणारा व्याही होता. मी मदतीला धावलो. "होय आजी, सरबतंच. हे सोनेरी आहे ना, ते आल्याचं. लाल ते कोकमाचं. आणि हे पांढरं, पाण्यासारखं, ते वाळ्याचं. वाळा फार थंड. पित्ताला उत्तम."

"वाळ्याचं?" कौशल्याबाईंचा चेहरा फुलला. "किती वरसं झाली वाळ्याचं सरबत पिऊन. दे रं पोरा, गलासभर."

सनीनं नानासाहेबांकडं पाहिलं. नानासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. सनी नोकर माणूस, मालकीणबाईंनी मागितलंय, त्यानं ती पांढरी बाटली उचलली आणि ग्लासात ओतायला लागला. मला ओरडायचं होतं, देवाशपथ ओरडायचं होतं. पण ओरडलो असतो तर मी खोटा ठरलो असतो, नानासाहेब खोटे ठरले असते, आणि लग्न गेलं असतं. नाही ओरडलो तर एक माळकरी म्हातारी... मी हिशेब करत उभा राहिलो, आणि कौशल्याबाईंनी ग्लास उचलला.

ग्लासाच्या तोंडावर एक हात आला. दिव्याचा.

"आजी, नका पिऊ. दारू आहे ती."

कौशल्याबाई म्हणाल्या, "काय म्हनलीस?"

"हा पब आहे आजी. या सगळ्या दारूच्याच बाटल्या आहेत. बाबांना माहीत नव्हतं, पाटी नीट न वाचता त्यांनी आपल्याला इथं आणलं. आत आल्यावर कळलं, मग ते घाबरले." ती नानासाहेबांबद्दल एक अक्षर बोलली नाही. ग्लासावरून तिनं हात काढला नाही. डोळ्यांत पाणी होतं. आपलं लग्न आपल्या हातानं मोडतोय, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी ती बोलली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि खरं सांगू? इतका अभिमानही.

कौशल्याबाईंनी ग्लास खाली ठेवला. आधी लेकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नान्या, माळ घातल्याली आई तुजी. आन् तू बघत उभा?"

"आये, मी आत्ता हात धरणारच व्हतो..."

"गप. पाव्हणं, तुमी? वाळा, व्हय?"

मी मान खाली घातली.

"दोन बाप्ये हितं, मिशावाले," त्या म्हणाल्या, "आन् खरं बोलली कोन, तर ही पोर." त्यांनी दिव्याचा तो हात स्वतःच्या हातात घेतला. "तुला भ्या न्हाई वाटलं? मी लगीन मोडलं आसतं तर?"

"वाटलं," दिव्या म्हणाली. "अजून वाटतंय."

तेवढ्यात दार उघडून रविराज आत आला. पाठीवर लॅपटॉपची बॅग, ट्रॅफिकमध्ये दीड तास उकडून निघालेला. समोर बघतो तर आजी बारपुढं उभी, हातात त्याच्या मैत्रिणीचा हात, दोन्ही बाप शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखे. "काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"तुजं लगीन ठरलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "बस तिकडं."

विजयश्रीनं तोंडाला पदर लावला आणि ती हुंदके द्यायला लागली. कौशल्याबाईंनी तिला जवळ ओढलं. "रडताय कशाला? पोरगी पसंत हाय मला. बापावर गेली न्हाई, ह्ये लई झालं." मग सनीकडं वळल्या. "ह्या बाटल्यांचं काय करायचं ते मी उद्या सकाळी बघती. आधी साखर आन."

"साखर?"

"पसंती झाली. तोंड गोड करायला नको?"

सनी बशी घेऊन आला. ग्लासाच्या काठाला लावायला त्यांच्याकडं बारीक साखर असते, ती होती. कौशल्याबाईंनी चिमूट दिव्याच्या तोंडात घातली, मग विजयश्रीच्या, मग नातवाच्या. आमच्या दोघांपुढं बशी आली आणि तिथंच थांबली.

"तुमी दोघं आपल्या हातानं खावा," त्या म्हणाल्या आणि बशी आमच्यासमोर ठेवून कोचाकडं निघून गेल्या.

आम्ही दोघं बशीकडं बघत उभे. हात पुढं करायची हिंमत मला होईना, त्यांनाही होईना. होणारे व्याही, आणि साखरेपुढं गुन्हेगार. मग दिव्या आली. तिनं चिमूटभर साखर घेतली आणि म्हणाली, "बाबा, आ करा."

मी आ केला. तिनं साखर घातली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडात साखर होती.

शेजारी नानासाहेबांनीही आ केला होता. दिव्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, हसली, आणि दुसरी चिमूट त्यांच्या तोंडात घातली. पोरगी आत्तापासूनच त्यांची झाली, तेवढं मात्र मला फार लागलं.